सोने संपले, वेल राहिले

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खते, पाण्याच्या पाळ्या आणि तोडणी यांविषयी लिहितो. या अंकी जरा दूरची हकीकत सांगावयाची आहे. गेल्या भाद्रपदात, बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी जी थोडी सवड असते त्या सवडीत, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आमच्या भाच्याकडे जाण्याचा योग आला. भाचा मोठमोठ्या शहरांची नावे सांगू लागला. आम्ही म्हटले, "बाबा, शहरे टीव्हीवर दिसतात. आम्हांस शेती दाखव, आणि जमल्यास एखादे खेडे." तेव्हा त्याने ॲमेडोर सिटी या गावी नेले. नावात 'सिटी' आहे, पण गाव आपल्या एखाद्या वाडीएवढे. तेथे जे पाहिले व समजून घेतले, त्यातले पुष्कळ आपल्या उसाच्या धंद्याशी नाते सांगणारे वाटले, म्हणून हा लेखप्रपंच.

दोनशे एकर आणि दोनशे माणसे

कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो. तेथून पूर्व-आग्नेयेस चाळीस-पंचेचाळीस मैलांवर, सिएरा नेवाडा डोंगराच्या पायथ्याच्या टेकड्यांत हे गाव आहे. १९१५ साली त्यास शहराचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ चौरस मैलाच्या एक तृतीयांशाहून कमी, म्हणजे सुमारे दोनशे एकर. लोकसंख्या २०१० च्या शिरगणतीत १८५ आणि २०२० च्या शिरगणतीत २००. आपल्याकडे एवढ्या माणसांत एक ऊसतोडणीचा तळ भरतो. तरीही त्यास स्वतःचा नगराध्यक्ष आणि नगरपरिषद आहे, बरं का.

गावात एकच मुख्य रस्ता. दोन्ही बाजूंस लाकडी सज्जांची जुनी दुकाने, आणि वळणावर १८७९ सालचे विटांचे इंपीरियल हॉटेल. बाजूने ओढा जातो. आम्ही गेलो तेव्हा टेकड्यांवरचे गवत वाळून पिवळेधमक झाले होते आणि त्यात मधूनमधून ओकची झाडे उभी होती. माणदेशातला उन्हाळ्यातला माळ डोळ्यांपुढे आणा, म्हणजे चित्र मिळेल. त्या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळाभर थेंब नाही. आपल्या नेमके उलट.

आता एवढ्याशा गावात पाहण्यासारखे काय? तर या गावाच्या पोटात सोने होते, आणि गावाच्या अंगाखांद्यावर द्राक्षे आहेत. यांतले पहिले संपले आणि दुसरे राहिले. ते कसे, तेच पुढे सांगतो.

पाटात सोने, आणि शेतकरी देशोधडीला

१८४८ सालच्या २४ जानेवारीची गोष्ट. ॲमेडोरच्या उत्तरेस कोलोमा येथे एक लाकूड कापण्याची पाणचक्की बांधणे चालू होते. चक्कीतून पाणी बाहेर काढणाऱ्या चरात जेम्स मार्शल नावाच्या मिस्त्रीस सोन्याचे कण चमकताना दिसले. चक्की होती जॉन सटर या जमीनदाराची. सटर मूळचा स्वित्झर्लंडचा. मेक्सिको सरकारकडून त्यास सुमारे ४८ हजार एकर जमीन मिळाली होती. गहू, गुरे, कातडी कमावण्याचा कारखाना असा मोठा पसारा त्याने मांडला होता.

आपल्यास वाटेल, ज्याच्या पाटात सोने निघाले त्याचे भाग्य उजळले. झाले भलतेच. बातमी फुटताच सटरचे गडी काम टाकून सोने शोधावयास पळाले. उभा गहू कापणीवाचून गेला, कातडी कुंडांत सडली. येणाऱ्या लोकांनी त्याची गुरे मारून खाल्ली आणि जमिनीवर तंबू ठोकले. पुढे हा मनुष्य नुकसानभरपाईसाठी सरकारदरबारी वर्षानुवर्षे खेटे घालीत राहिला आणि १८८० साली वॉशिंग्टन येथे रिकाम्या हाताने वारला. सोने शोधणारा मार्शलही गरिबीतच मेला.

पुढच्या काही वर्षांत अमेरिकेच्या इतर भागांतून, मेक्सिको, चिली, युरोप आणि चीनमधून सुमारे तीन लाख माणसे या टेकड्यांत उतरली. सुरुवातीस नदीकाठची वाळू पाटीत धुऊन सोने मिळत असे. ते थोड्याच वर्षांत विरळ झाले. खोदणाऱ्यांपैकी फारच थोडे श्रीमंत झाले. पैसा केला तो फावडी, घमेली, पीठ आणि कपडे विकणाऱ्यांनी. सॅम ब्रॅनन या व्यापाऱ्याने सोन्याची बातमी गाजविली आणि खोदकामाचे सामान विकून अमाप संपत्ती जोडली. राबणारा उपाशी आणि सामान विकणारा तुपाशी, ही रीत काही आपल्याकडचीच नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या टेकड्या रिकाम्या नव्हत्या. तेथे मिवोक जमातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. ॲमेडोर सिटीपासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत एक मोठा उघडा खडक आहे. त्या एका खडकात १,१८५ उखळी कोरलेल्या आहेत. मिवोक बाया येथे बसून ओकच्या फळांचे पीठ कांडीत असत. खडक पाहताना आम्हांस आपल्या जुन्या वाड्यांतील उखळांची आठवण झाली. सोन्याच्या धामधुमीत या लोकांच्या जमिनी गेल्या, रोगराईने आणि कत्तलींनी माणसे गेली. कॅलिफोर्नियातील मूळ रहिवाशांची संख्या १८४८ च्या सुमारास दीड लाखाच्या आसपास होती असे मानतात; १८७० पर्यंत ती तीस हजारांवर आली. सोन्याच्या हिशेबात ही बाजू बहुधा लिहिली जात नाही, म्हणून येथे नमूद करतो.

खाणीचे गाव

वाळूतले सोने संपल्यावर लोक दगडाकडे वळले. १८५१ साली ॲमेडोरच्या ओढ्याकाठी गारगोटीच्या शिरेत सोने सापडले. 'मदर लोड' म्हणून ओळखला जाणारा हा सोन्याचा पट्टा सुमारे १२० मैल लांब आहे आणि ॲमेडोर परगणा त्यात अगदी मोक्याच्या जागी आहे. ॲमेडोर सिटीची मुख्य खाण कीस्टोन. तिच्यातून एकंदर २ कोटी ४० लाख डॉलरच्या आसपास सोने निघाले, तेही औंसाला २० डॉलर ६७ सेंट हा भाव असताना.

दगडातून सोने काढणे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. भांडवल लागते, यंत्रे लागतात. दगड फोडण्यासाठी लोखंडी मुसळांच्या रांगा रात्रंदिवस आपटत असत. दगडाचा भुगा पाण्याबरोबर पाऱ्यावरून नेत, म्हणजे सोने पाऱ्यास चिकटे. तो काळ सरला, पण पारा सरला नाही. त्या नद्यांच्या गाळात तो आजही सापडतो आणि कोणत्या पाण्यातील मासे किती खावेत याच्या सूचना सरकार देते. शेजारच्या सटर क्रीक येथे खाणीच्या टाकाऊ मातीवर घरे बांधली गेली होती. १९९० च्या दशकात त्या मातीत आर्सेनिक सापडले आणि अंगणांतील वरची माती काढून नवी घालावी लागली.

जॅक्सन हे परगण्याचे मुख्य ठिकाण जवळच आहे. तेथील केनेडी खाण ५,९१२ फूट खोल गेली होती. तिच्या शेजारी अर्गोनॉट खाण. १९२२ च्या २७ ऑगस्टच्या रात्री अर्गोनॉटमध्ये आग लागली आणि ४७ कामगार खाली अडकले. बहुतेक इटली, स्पेन व सर्बियाकडून पोटासाठी आलेले. केनेडीच्या जुन्या बोगद्यांतून वाट काढण्याचा प्रयत्न तीन आठवडे चालला. वाट निघाली तेव्हा आत कोणीही जिवंत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सोन्याचे काम युद्धाच्या उपयोगी नाही म्हणून सरकारी हुकुमाने या खाणी बंद झाल्या. युद्ध संपल्यावर बहुतेक पुन्हा उघडल्याच नाहीत. कारण काय, तर सोन्याचा भाव १९३४ पासून सरकारने ३५ डॉलर औंस असा बांधून टाकला होता, आणि मजुरी, लाकूड, यंत्रे यांचे दर मात्र दुप्पट झाले होते. बांधलेला दर आणि वाढता खर्च म्हणजे काय, हे ऊस उत्पादकांस आम्ही अधिक समजावून सांगावयास नको. खाणींत पाणी भरले, आधाराची लाकडे कुजली, माणसे निघून गेली.

वरच्याने सोडायचे, खालच्याने सोसायचे

आता जी हकीकत सांगतो ती आमच्या मते सर्वांत महत्त्वाची.

१८५३ पासून ॲमेडोरच्या उत्तरेकडील डोंगरांत सोने काढण्याची एक नवी तऱ्हा निघाली. उंचावरून पाणी लोखंडी नळांतून आणून मोठ्या तोटीने टेकडीवर मारायचे. आख्खी टेकडी विरघळून चिखल होई. त्यातले सोने ठेवून घेत आणि बाकीचा गाळ नदीत सोडून देत. सोने वरच्या कंपन्यांस, आणि गाळ खालच्या शेतकऱ्यांस!

युबा आणि बेअर या नद्यांकाठी गव्हाची शेते आणि फळबागा होत्या. दरवर्षी पुराबरोबर गाळ येई आणि पिके गाडली जात. युबेचे पात्र गाळाने भरून इतके वर आले की मेरीसव्हिल या गावाचे रस्ते नदीच्या तळापेक्षा खाली राहिले. गावास बांध घालावे लागले, आणि बांध वाढवावे तसा गाळही वाढे. १८७५ साली पूर बांध ओलांडून गावात शिरला.

शेतकरी प्रथम एकेकटा भांडला. बेअर नदीकाठच्या जेम्स कीज या शेतकऱ्याने १८७६ साली अनेक खाण कंपन्यांवर एकत्र दावा लावला. १८७९ साली वरिष्ठ कोर्टाने तो फेटाळला. कारण असे की सगळ्या कंपन्यांवर मिळून एकच दावा लावता येत नाही. दरम्यान खाणवाल्यांनी १८७६ मध्ये आपला संघ काढला होता. तेव्हा शेतकऱ्यांनीही १८७८ साली गाळविरोधी संघ स्थापन केला, वर्गणी जमवून वकील दिले आणि पुन्हा कोर्टाची पायरी चढले. अखेर १८८४ च्या जानेवारीत न्यायमूर्ती लोरेंझो सॉयर यांनी निकाल दिला: नदीत गाळ सोडून खालच्यांच्या जमिनी बुडविण्याचा हक्क कोणासही नाही. त्या निकालाने टेकड्या धुण्याचा तो उद्योग जवळजवळ थांबला.

त्या काळी सोने म्हणजे राज्याची श्रीमंती, आणि शेती म्हणजे मागची गोष्ट असे मानले जाई. तरी शेतकरी जिंकले. का जिंकले? संघ केला म्हणून जिंकले. आपला कारखानाही अशाच वर्गणीतून आणि भागभांडवलातून उभा राहिला, तेव्हा ही गोष्ट आपल्यास परकी वाटू नये.

या निकालाचे पडसाद ॲमेडोरमध्येही पाहावयास मिळतात. खाणीचा गाळ ओढ्यांत सोडण्यावर बंदी आल्यावर केनेडी कंपनीने ५८ फूट व्यासाची चार लाकडी चाके उभारली. १९१४ मध्ये ती चालू झाली. चाकाच्या कडेला डबे बसविलेले. गाळ डब्यांत भरून वर चढे, पन्हळीतून पुढच्या चाकाकडे जाई आणि शेवटी टेकडीपलीकडच्या बंधाऱ्यात पडे. आपल्या रहाटगाडग्याचा हा थोरला भाऊच. चारांपैकी दोन चाके काळाच्या ओघात कोसळली. बाकीची आम्ही खाली उभे राहून मान वर करून पाहिली. शेतकऱ्यांनी कायदा करावयास लावला नसता, तर एवढा खर्च कोणती कंपनी आपण होऊन करणार?

खाणीचे पाणी शेताला, खाणीचे चाक कोयनेला

खाणवाल्यांच्या सगळ्याच गोष्टी वाया गेल्या असे नाही. त्यांनी डोंगरांतून शेकडो मैलांचे पाट काढले होते. पाणी मोजण्याचे त्यांचे माप 'मायनर्स इंच', म्हणजे खाणवाल्याचा इंच. कॅलिफोर्नियाच्या १९०१ च्या कायद्याप्रमाणे असे ४० इंच म्हणजे एक क्युसेक. उत्तरेकडील नेवाडा परगण्यात शेतकऱ्यांनी १९२१ साली पाटबंधारे मंडळ स्थापन केले आणि खाणींचे जुने पाट हाती घेऊन शेतीस पाणी दिले. तेथे आजही पाणी याच इंचांत विकले जाते. खाण गेली, पण पाट राहिला.

दुसरी गोष्ट ऐकून तर आम्ही चकितच झालो. खाणीची यंत्रे चालविण्यासाठी तेथील कारागिरांनी उंचावरून पडणाऱ्या पाण्याची चाके बनविली. सटर क्रीक येथील नाइट फाउंड्री १८७३ सालची, आणि तिची यंत्रे पाण्याच्या जोरावर चालत. युबा परगण्यातील लेस्टर पेल्टन या सुताराने त्याहून सरस चाक काढले आणि १८८० साली त्याचे पेटंट घेतले. त्याच्या चाकावर जोडवाट्या असतात आणि पाण्याची धार त्यांच्या मधोमध बसते. बंधूंनो, खोपोलीच्या टाटांच्या वीजघरात आणि कोयनेच्या पोफळी येथील वीजघरात जी जनित्रे फिरतात, ती याच पेल्टन जातीच्या चाकांवर! सह्याद्रीवरून पडणाऱ्या पाण्याची वीज आपल्या विहिरींवरील मोटारींपर्यंत येते, तिची एक वाट कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणीतून आली आहे.

मांडव नाही, तार नाही, पाणीही नाही

आता द्राक्षांकडे वळू. ॲमेडोर सिटीहून ईशान्येस थोडक्या अंतरावर शेनांडोआ नावाचे खोरे आहे. खाणवाल्या गर्दीस खायला-प्यायला लागे, म्हणून १८५० च्या दशकापासूनच येथे द्राक्षे लागली. १८५६ साली ॲडम उलिंगर या स्विस माणसाने काढलेली वाइनरी आजही तेथे आहे. मालक बदलले, जागा तीच. झिनफंडेल हा येथला मुख्य वाण. त्याची एक बाग १८६९ च्या जमिनीच्या कागदपत्रांत नोंदलेली आहे आणि त्या बागेत आजही पीक घेतात. म्हणजे दीडशे वर्षांपेक्षा जुनी बाग!

वेल पाहून आम्ही बराच वेळ तेथेच उभे राहिलो. मांडव नाही, तार नाही. कमरेएवढा जाड, पीळदार बुंधा आणि त्याच्या माथ्यावर चारी बाजूंस फांद्या. दोन वेलांत आठ-दहा फुटांचे अंतर. जमीन ग्रॅनाइटच्या कुजलेल्या दगडाची, हलकी, निचऱ्याची. अशा जुन्या बागांपैकी कित्येकांस पाणीही देत नाहीत. हिवाळ्यातली ओल धरून मुळ्या खोल जातात आणि वेल उन्हाळा काढतो. मेलेल्या वेलाच्या जागी नवा लावतात, म्हणजे आपल्या भाषेत नांग्या भरतात.

एका बागेच्या बांधावर एक वृद्ध बागाईतदार भेटले. भाच्याने आमची ओळख करून दिली. त्यांनी काही विचारले, तेव्हा भाचा हसून म्हणाला, "मामा, हे विचारतात, तुमच्याकडे उसाचा एकरी उतारा किती?" आम्ही म्हटले, "सांग, चांगल्या शेतकऱ्याचा चाळीस-पन्नास टन, आणि जास्तीचाही निघतो." ते क्षणभर गप्पच झाले. मग दोन बोटे दाखवून म्हणाले, "आमचा जुन्या वेलांचा दोन टन. तोही साल बरे असले तर." आम्ही विचारले, "मग परवडते कसे?" त्यावर त्यांनी खिशातून जे काढून दाखविले ते पाहून आम्हांस हसू आवरेना. तो होता हँड रिफ्रॅक्टोमीटर! हंगामात आमचे कर्मचारी तुमच्या फडात घेऊन फिरतात, तोच.

तेथेही तोडणी ब्रिक्स पाहूनच होते. झिनफंडेल साधारण २४ ते २६ ब्रिक्सला तोडतात. या वाणाची खोड अशी की एकाच घडात काही मणी सुकून मनुका होतात आणि काही हिरवेच राहतात. म्हणून घडाचे निरनिराळे मणी तपासतात, जसे आपण बुंध्याचा आणि शेंड्याचा ब्रिक्स निरनिराळा घेऊन दोन्ही जवळ आले की ऊस पक्व झाला असे ठरवितो. पीक निराळे, देश निराळा, पण साखर मोजण्याची काच एकच. वजनापेक्षा प्रतीला भाव मिळतो, म्हणून दोन टनांचे दोन टन त्यांस परवडतात. (वाइनची चव कशी होती असे कोणी विचारू नये. आमच्या गळ्यात माळ आहे. द्राक्षे मात्र पोटभर खाल्ली. गोड आणि बियांची.)

हे वेल सहज टिकले असेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलॉक्सेरा या मुळावरच्या किडीने कॅलिफोर्नियातील पुष्कळ बागा नष्ट केल्या. उपाय निघाला तो अमेरिकन जंगली जातीच्या खुंटावर कलम करण्याचा. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. बहुतेक वाइनरी बंद पडल्या. फक्त घरच्या घरी वर्षाला दोनशे गॅलन फळांचा रस आंबवू देण्याची सवलत होती, तिच्यामुळे द्राक्षे थोडीफार खपत राहिली. नंतर खाणी बंद झाल्या आणि हा भाग विस्मरणात गेला. येथील द्राक्षे स्वस्तात मोठ्या कारखान्यांच्या टाक्यांत जात. १९६८ च्या पिकापासून नापा येथील सटर होम कंपनीने या खोऱ्यातील द्राक्षांची वाइन परगण्याच्या नावासह बाटलीत भरली, आणि मग लोकांस कळले की जुन्या वेलाच्या फळास वेगळीच चव आहे. आज या परगण्यात चाळीसहून अधिक वाइनरी आहेत.

झिनफंडेल आपला मूळचा अमेरिकन वाण, असे तेथील लोक पुष्कळ वर्षे समजत. २००१ साली डीएनए तपासणीत सिद्ध झाले की तो क्रोएशियाच्या समुद्रकाठचा एक जुना, नामशेष होत आलेला वाण आहे. नाशिककडील काही वाइनरींनीही आता तो लावला आहे.

आपले थॉमसन तेथलेच

आपल्या कार्यक्षेत्रात उसाबरोबर द्राक्षबाग असणारे सभासद आहेत. त्यांच्यासाठी एक खास गोष्ट. ज्या मेरीसव्हिलचे रस्ते गाळाने नदीच्या तळाखाली गेले, त्याच्याच शेजारी सटर परगण्यात विल्यम थॉमसन नावाचा इंग्रज बागाईतदार राहत होता. १८७२ साली त्याने न्यूयॉर्क राज्यातील एका रोपवाटिकेतून तीन काड्या मागविल्या. त्यांतली एकच जगली. १८७५ साली मेरीसव्हिलच्या प्रदर्शनात त्या वेलाची बिनबियांची द्राक्षे मांडली गेली आणि लोकांनी त्यांस त्याचेच नाव दिले. तेच आपले थॉमसन सीडलेस! वाण मूळचा इराण-तुर्कस्तानकडचा, पण नाव मिळाले ते सोन्याच्या मुलुखात. याच थॉमसनमधून आपल्या सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात 'तास-ए-गणेश' निवडले गेले. आणि आज आपण ज्या डॉगरिज खुंटावर कलम करतो, तो खुंटही अमेरिकेतलाच. एका जगलेल्या काडीने किती संसार उभे केले, पाहा.

आपल्यासाठी काय?

आता सभासद म्हणतील, साहेब फिरून आले, छान झाले. आम्हांस काय त्याचे? तर ऐका.

त्या मुलुखात दोन प्रकारची माणसे आली. एकाने जमिनीतून काढले आणि परत काही घातले नाही. दुसऱ्याने काढले आणि जमीन जपली. पहिल्याचे ६,००० फुटांचे खड्डे पाण्याने भरलेले आहेत. दुसऱ्याचा वेल दीडशे वर्षांनंतर फळ देतो आहे. ऊस जिरायत येणार नाही आणि दीडशे वर्षांचा खोडवाही कोणी ठेवणार नाही, हे आम्हांस कळते. पण जमीन ही शेती आहे की खाण, हा प्रश्न आपल्यापुढेही आहे. कृष्णा-पंचगंगेच्या काठी चांगल्या काळ्या जमिनी पाणी जास्त झाल्याने चिबड आणि क्षारपड झाल्या. एकेकाळी याच जमिनी सोने पिकवतात असे आपण म्हणत होतो. सोन्यावर मीठ फुटले.

म्हणून विनंती अशी:

पहिली, पाचट जाळू नका. एकरी तीन-चार टन पाचट निघते. ते सरीत पसरून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजविणारे जिवाणू टाका. खोडव्यास ओल टिकते आणि जमिनीस सेंद्रिय कर्ब मिळतो. आगकाडी लावणे सोपे, पण ती दहा मिनिटांत जे खाते ते भरून काढावयास वर्षे लागतात.

दुसरी, पाणी मोजून द्या. पाट मोकळा सोडून घरी झोपावयास जाण्याची सवय सोडा. ठिबक करता येईल त्यांनी करावे; नाही त्यांनी निदान दोन पाळ्यांतील अंतर जमीन पाहून ठरवावे. जेथे क्षार फुटले आहेत तेथे शेजाऱ्याशेजाऱ्यांनी मिळून चर आणि निचऱ्याच्या सच्छिद्र नळ्यांची योजना करावी. एकट्याच्या रानात निचरा होत नाही; पाणी बांध ओळखत नाही.

तिसरी, माती परीक्षण करून घ्या. नमुना घेण्याची पद्धत गट कार्यालयात समजावून दिली जाईल.

आणि चौथी गोष्ट कारखान्यासही लागू आहे, ती येथेच लिहिलेली बरी. वरच्याने सोडायचे आणि खालच्याने सोसायचे, हा न्याय युबा नदीवर १८८४ साली मोडीत निघाला. आपला कारखाना आणि आसवनीही पाण्याच्या आधारानेच उभी आहेत. सांडपाण्याचा एक थेंबही प्रक्रियेवाचून ओढ्यात जाऊ नये, ही जबाबदारी आपणा सर्वांची, कारण येथे मालक आपणच आणि नदीच्या खाली राहणारेही आपणच. कोठे काही आढळल्यास सभासदांनी गप्प न बसता विभागास कळवावे. वार्षिक सभेतही विचारावे. विचारणाऱ्यास कोणी वेगळ्या नजरेने पाहणार नाही, निदान आमच्या विभागात तरी नाही.

लागणीच्या नोंदी वेळेत करून घ्याव्यात आणि बेणे प्रक्रिया केल्याशिवाय लावू नये. पुढील अंकी खोडवा व्यवस्थापनाविषयी सविस्तर लिहू.